बदकांचा प्रसूती विभाग

फाटकावर पाटी होती : ‘प्रसूती विभाग. शांतता राखा. पादत्राणे बाहेर काढा.’ मी मंचरच्या कॉलेजात इतिहास शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि जवळच्या अवसरी बुद्रुकमध्ये भाड्याची खोली शोधत होतो. पत्ता याच घराचा मिळाला होता. पाटी वाचून मी परत फिरलो. माझ्या गरजा साध्या होत्या : एक खोली, एक खिडकी आणि पुस्तकांना ओल लागणार नाही अशी एक भिंत.

“ओ सर, पळता कुठं? खोली बघायचीय ना?”

आवाज अंगणातून आला. तिथं साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या डाव्या काखेत एक पांढरंशुभ्र बदक होतं आणि उजव्या हाताची बोटं त्या बदकाच्या शेपटीखाली काहीतरी चाचपत होती. बदकाच्या चेहऱ्यावर सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाचा भाव होता. काय चाललंय ते कळत नव्हतं, पण विचारायची सोय नव्हती.

“एकच बोट बसतंय,” बाई बदकाला म्हणाल्या. “अजून टाइम हाय तुला. जा, पोहून ये.” मग माझ्याकडं वळल्या. “चपला काढा. नळावर साबण हाय, हात धुवा. मग भाड्याचं बोलू.”

हात धुऊन झाल्यावर त्यांनी माझे तळवे उलटसुलट करून पाहिले, आणि मगच भाडं सांगितलं. त्या घरात मी पुढं तीन वर्षं राहिलो. इतके स्वच्छ हात माझे त्याआधी कधी नव्हते आणि त्यानंतरही राहिले नाहीत.

बाईंना नाव असणारच, पण गावात ते कुणी वापरत नव्हतं. सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. उभं आयुष्य त्यांनी आसपासच्या आरोग्य उपकेंद्रांत बाळंतपणं करण्यात घालवलं होतं. त्या निवृत्त झाल्या त्याच सुमाराला उपकेंद्राची नवी इमारत झाली आणि जुनी पाटी भंगारात निघाली. निरोप समारंभाला त्यांनी शाल-श्रीफळ नाकारलं आणि पाटी मागितली. “शाल घेऊन काय करू? गोधड्या हायेत घरात,” असं त्या माइकवरून बोलल्या होत्या. ते भाषण तेवढंच होतं. मी ऐकलेल्या-वाचलेल्या निरोपाच्या भाषणांत त्याला फार वरची जागा देतो.

त्यांच्या आयुष्याचं एकच ब्रीद होतं : बाळंतपण घरी नाही, दवाखान्यात. त्यासाठी त्यांनी वाड्यावस्त्या तुडवल्या, सासवांशी भांडणं केली, खुरपणीला बसलेल्या अवघडल्या बायकांना शेतातून उठवून जीपमध्ये घातलं. दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. बाईची चाल बघून त्या दिवस सांगायच्या. डॉक्टर मशिनवर बघून एक तारीख सांगायचे, नर्सबाई दुसरी, आणि बाळ नर्सबाईंचं ऐकायचं, अशी गावाची श्रद्धा होती. इतिहासाचा माणूस म्हणून मी पुरावा मागितला. पण ज्यांनी ज्यांनी साक्ष दिली ते सगळे नर्सबाईंच्याच हातचे निघाले, तेव्हा मी तो नाद सोडला. “तारीख दिली म्हंजे दिली,” एवढंच त्या म्हणत.

बदकं त्यांच्याकडं आली ती डिंभ्याहून. हा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण इतक्यांदा ऐकला आहे की आता मीच त्या एसटीत होतो असं वाटतं. धरणावर मासेमारी करणाऱ्या एका माणसाच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण नर्सबाईंनी पूर्वी निभावून नेलं होतं. त्यानं होळीच्या सुमाराला पुठ्ठ्याच्या खोक्यात बदकाची पिल्लं घालून दिली. एसटी नेहमीप्रमाणं दीड तास उशिरा आली आणि कंडक्टरला नेमका तेव्हाच नियम आठवला.

“मावशी, खोक्यात काय हाय? लगेज लागंल.”

“लगेज न्हाई. अर्भकं हायेत.”

“कुणाची?”

“आईनं टाकलेली. तुमच्यात अर्भकाला तिकीट असतं का? दाखव कुठं लिवलंय.”

कंडक्टरनं वर चिकटवलेल्या सगळ्या सूचना वाचल्या. आमदार, स्वातंत्र्यसैनिक, अपंग, सगळ्यांसाठी काही ना काही लिहिलं होतं. अर्भकांबद्दल विरोधात काही सापडलं नाही. पिल्लं फुकटात अवसरीला आली.

त्यांच्यासाठी नर्सबाईंनी मंचरच्या वेल्डरकडून जाडजूड लोखंडी जाळीचं खुराडं बनवून घेतलं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो. त्याला सगळे वाघच म्हणतात, आणि तो आहे की नाही यावर चर्चा होत नाही. काल कुठं होता यावर होते. खुराडं इतकं भक्कम झालं की शेजारचे भाऊ, ज्यांचा ऊस आमच्या कुंपणाला लागून होता, रोज एकदा तरी म्हणायचे, “बाई, फॉरेस्टवाले येतील बरं का. त्यांचा पिंजरा समजून आत शेळी बांधून जातील.”

“बांधू देत. दूध तरी मिळंल,” नर्सबाई म्हणायच्या.

खुराडं म्हणजे वॉर्ड. आठ माद्या, एक नर. माद्यांना नावं नव्हती. “नाव ठेवलं का लाड व्हत्यात आन् लाड झाले का खाणं बिघडतं,” असं शास्त्र होतं. म्हणून कॉट नंबर. चार नंबर चिडखोर, सात नंबर खादाड. नराला मात्र नंबर नव्हता. त्याला त्या ‘जावई’ म्हणत, कारण तो काम काही करत नसे आणि जेवायला पहिला असे.

मी राहायला गेलो तो श्रावण होता. भाद्रपद सरता सरता दोन बोटं बसायला लागली. बदकीच्या शेपटीखालची दोन हाडं अंडं जवळ आलं की एकमेकींपासून लांब होतात, हे मला इतक्या वेळा दाखवण्यात आलं की रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही बदकीची तारीख मी सांगू शकलो असतो. त्या दिवसापासून वॉर्डाचा आहार बदलला. आधी साधं चाललं होतं. आता बाजरीची भरड, तांदळाची कणी, शेंगदाण्याची पेंड आणि डिंभ्याच्या सुकवलेल्या बारीक मासळीची पूड, सगळं कालवून ओलं. कोरडं कधी नाही, कारण बदकाच्या घशाला घास लागतो. शेजारी पाण्याचं घमेलं, तेही खोल, डोकं बुडेल इतकं. “नाकडोळं धुतल्याबिगर त्यांना अन्न गोड लागत न्हाई. तुमच्यापेक्षा बरं,” हे माझ्यासाठी. नदीतल्या शिंपल्या कुटून त्यांचा चुरा एका वेगळ्या मातीच्या ताटलीत ठेवलेला असे. हा चुरा म्हणजे कॅल्शियमची गोळी. ज्या बदकीला हवा तिनं हवा तेवढा खावा.

“बघा सर,” नर्सबाई कौतुकानं म्हणायच्या, “आपापल्या येऊन खात्यात. बायकांच्या मागं मी गोळ्या घेऊन पळायचे, तर त्या पदरात बांधून घरी न्यायच्या आन् तुळशीच्या मुळाशी घालायच्या. गावात बायकांचं रक्त वाढलं न्हाई, पण तुळशी काय जोरात व्हत्या!”

खाली भाताचा पेंढा, रोज बदललेला. “चादर बदलली का?” ही हाक सकाळी माझ्या नावानं यायची, कारण वॉर्डात मी वॉर्डबॉय होतो. माझी मोटरसायकल कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणावी लागे. अंगणात मोठ्यानं बोलायचं नाही, काळी छत्री उघडायची नाही, आणि झुंजुमुंजु झालं की खुराड्याचं दार उघडायचं. हा शेवटचा नियम सगळ्यांत कडक होता. वॉर्डाच्या खिडक्या पहाटे उघडतात, पेशंटला सकाळची हवा लागते, ही त्यांची जन्माची सवय. दार उघडलं की बदकी एका रांगेत कुंपणाच्या फटीतून पलीकडं उतरायच्या, उसाच्या पाटात चरायच्या आणि आठला ताटली वाजवली की परत यायच्या.

“बाई, एवढ्या लवकर नका सोडू,” भाऊ कळकळीनं सांगायचे. “वाघ बसतोय त्या उसात. उजाडू द्या नीट.”

“तुझा ऊस हाय का त्याचं सासर? उजाडलं का जातो तो. माझ्या पोरींना पहाटंची हवा पायजे.”

हे सगळं फार मजेत चाललं असतं. पण एक पैज मध्ये होती.

नर्सबाईंची एकुलती मुलगी पुण्यात, कॉम्प्युटरच्या नोकरीत. हुशार, नेमकी, प्रत्येक गोष्टीवर लेबल लावणारी. तिच्याकडं गेलो की बरणीवर ‘साखर’ लिहिलेलं असायचं आणि आत खरोखर साखर असायची. आईनं नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला यावं असं तिला बरेच दिवस वाटत होतं. गणपतीत ती आली तेव्हाच नर्सबाई घमेल्याजवळच्या चिखलात घसरून पडल्या. मनगट मुरगळलं, गुडघा सुजला. मुलगी रडकुंडीला आली.

“आई, पुरे झालं आता. एकटी राहतेस, शेजारी बिबट्या, आणि कशासाठी? एक अंडंसुद्धा देत नाहीत ही बदकं!”

“देतील. वेळ व्हायची हाय.”

“कधी?”

आता हा प्रश्न नर्सबाईंना विचारायचाच नव्हता. त्यांनी सुजलेला गुडघा विसरून चार नंबरला काखेत घेतलं, बोटांनी मोजलं, आणि म्हणाल्या, “दसरा.”

“आणि नाही दिली तर?”

“दसऱ्याला न्हाई, दिवाळी लागंस्तवर एक अंडं न्हाई दिसलं, तर बदकं वाटून टाकते आन् येते तुझ्या नवव्या मजल्यावर. तारीख दिली म्हंजे दिली.”

मुलीनं वाद घातला नाही. ती नेमकी होती. तिनं फोनमध्ये आठवण लावली.

नवरात्रात नर्सबाईंनी बदकींचं डोहाळजेवण केलं. यात त्यांना काही विनोदी वाटत नव्हतं, पहिलटकरणींचं करतातच. झेंडूच्या माळा खुराड्याच्या जाळीला बांधल्या (गळ्यात बांधलेली माळ सात नंबरनं खाल्ली होती), मेथी-पालकाची ताटं लावली, गल्लीतल्या चार बायका हलक्या आवाजात गाणी म्हणायला आल्या. जावयालाही घास दिला. मी प्रेक्षक होतो आणि खरं सांगायचं तर माणसांच्या डोहाळजेवणापेक्षा मला ते सुटसुटीत वाटलं. उत्सवमूर्तीला फोटोसाठी धनुष्यबाण घेऊन उभं करत नव्हते.

पण बातमी पसरली. दुसऱ्या दिवशी गावचे एक युवा नेते दोन गाड्या, एक कॅमेरावाला आणि आपल्या फोटोचा फ्लेक्स घेऊन फाटकाशी हजर झाले. फ्लेक्सवर नेते हात जोडून उभे होते आणि खालच्या कोपऱ्यात इंटरनेटवरून घेतलेलं एक बदक होतं. गाडीवरच्या साउंड बॉक्समधून स्वागतगीत सुरू झालं. वॉर्डात एकच गोंधळ उडाला. आठही पेशंट एका कोपऱ्यात, आणि त्यांच्या मागं जावई.

नर्सबाई फाटकावर आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. फक्त पाटीवर बोट ठेवलं.

“वाच.”

“काकू, दोन मिनिटं फक्त. महिला उद्योजिका म्हणून सत्कार—”

“मोठ्यांदा वाचू नको, मनात वाच. वाचलंस? तुला जन्मल्यावर मी पायाला धरून उलटा केलाय. रडत नव्हतास, म्हणून ढुंगणावर फटका दिला तेव्हा तुझा पयला आवाज निघाला. तवापासून थांबलेला न्हाईये. बंद कर ते!”

युवा नेत्यानं संगीत बंद केलं. मग चपला काढल्या, नळावर हात धुतले आणि बदकांकडं न बघता निघून गेला. त्याचा पुढच्या आयुष्यातला राजकीय प्रवास मी पाहिलेला आहे; त्यात इतकं शहाणपण मला परत दिसलं नाही.

दसरा आला आणि गेला. पेंढ्यात अंडं नव्हतं.

 शिंपल्यांचा चुरा बारीक झाला, मासळी वाढली, पेंढ्यात नमुन्यादाखल कोंबडीचं एक अंडं ठेवलं गेलं, “बघून तरी शिकतील” म्हणून. दुसऱ्या दिवशी नमुना तिथंच होता. शिकलेलं कुणी दिसत नव्हतं. रोज तपासणी, रोज दोन बोटं, कधी अडीच.

“त्या साउंडबॉक्सनं घाबरल्या असतील,” मी एकदा म्हणालो.

“पंधरा दिस घाबरून बसत न्हाई कुणी,” त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, “माझंच चुकलं असंल सर. बोटं म्हातारी झाली.”

त्या घरात राहिलो तेवढ्या काळात मी त्यांना असं बोलताना एकदाच ऐकलं. कोजागरीनंतर त्यांनी भाऊंना विचारून ठेवलं, बदकं घेशील का. भाऊंनी मान हलवली, पण त्यांना तो सौदा नको होता. “बाई गेल्या तर मला शिव्या कोण देणार?” ते मला म्हणाले. ते फार गंभीर होते.

वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मुलगी गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर सामान भरायची रिकामी खोकी रचलेली होती. प्रत्येकावर मार्करनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘आई : साड्या’, ‘आई : भांडी’, ‘आई : औषधं’. नर्सबाईंनी ती वाचली आणि “अक्षर चांगलं हाय” एवढंच म्हणाल्या.

वसुबारसेला पहाटे त्यांनी नेहमीसारखं दार उघडलं. मुलगी उठलेलीच होती. ती फोन घेऊन बदकींच्या रांगेमागं निघाली; शेवटचा एक व्हिडिओ काढून ठेवावा असं तिला वाटलं, हे तिनं नंतर सांगितलं. बदकी कुंपणातून उतरल्या, पाटात उतरल्या, आणि एकामागून एक उसात शिरल्या. मुलगीही शिरली.

आम्ही तिघं ते पाहत होतो : मी झाडू घेऊन, भाऊ बांधावर तंबाखू मळत, नर्सबाई घमेल्याजवळ. आतापर्यंत त्या उसात त्यांच्या मागं कुणी गेलं नव्हतं. नर्सबाईंचा गुडघा बांध उतरू देत नव्हता, भाऊ तोड लागेपर्यंत आत पाऊल टाकत नसत, आणि माझ्याबद्दल विचारूच नका.

ऊस हलला. मग हलायचा थांबला.

“ए पोरी!” नर्सबाई ओरडल्या. “बाहेर ये! भवाने, वाघ बसतोय त्यात! बाहेर ये आदी!”

तो आवाज प्रसूती विभागाच्या इतिहासातला सर्वांत मोठा होता. पलीकडच्या वस्तीवरची कुत्री भुंकू लागली. भाऊंनी तंबाखू टाकली आणि काठी उचलली. मी झाडू घट्ट धरला. नर्सबाई गुडघ्यासकट बांध उतरायला लागल्या होत्या.

ऊस परत हलला आणि मुलगी बाहेर आली. केसांत पाचट, बूट चिखलानं भरलेले, चालणं अगदी सावकाश. दोन्ही हातांनी तिनं ओढणीची झोळी धरली होती. ती बांधावर चढली, आईसमोर उभी राहिली आणि झोळी जरा उघडली. फिकट निळसर पांढरी, कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी. काही चिखलानं माखलेली, काही अगदी ताजी, ओली चमकणारी.

ती एकटीच आत गेली होती. काही न बोलता बाहेर आली असती तर आई त्याच दिवशी पुण्याला निघाली असती.

“आई,” ती म्हणाली, “तुझे पेशंट घरीच बाळंत होतायत. दवाखान्यात येतच नाहीत.”

 भाऊ फिस्स करून हसले, आणि त्यानंतर नर्सबाई हसायला लागल्या. त्या तिथंच बांधावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत हसत राहिल्या. “जन्मभर... जन्मभर घरची बाळंतपणं बंद केली गं... आन् पहाटं उठून मीच दार उघडून देत व्हते!”

बदकी अंडी पहाटेपासून सकाळी आठ-नऊपर्यंत घालतात. तोवर त्यांना कोंडून ठेवायचं असतं, हे डिंभ्याच्या माणसानं सांगितलं असतं. पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बाळंतपणाबद्दल नर्सबाईंनी दुसऱ्या कुणाला विचारायचं, ही कल्पनाच अवसरीत बसणारी नव्हती.

घरी येऊन त्यांनी बादलीत पाणी घेतलं आणि एकेक अंडं सोडलं. ताजं अंडं तळाशी जातं, जुनं वर येतं. बरीच बुडाली. पण काही टुणकन वर आली आणि तरंगू लागली. नासकी अंडी बघून एखाद्याचा चेहरा उजळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

“बघा! बघा सर! ही दसऱ्याचीच हायेत!” त्या टाळी वाजवत म्हणाल्या. “तारीख न्हाई चुकली माझी. फकस्त पत्ता चुकला!”

मुलीनं तरंगणारं एक अंडं बोटानं हलकेच फिरवलं. “बरं,” ती म्हणाली. “हरले मी.” पण ती हरल्यासारखी मुळीच दिसत नव्हती. फोन काढून तिनं ती आठवण पुसून टाकली.

त्या दिवसापासून वॉर्डाची वेळ बदलली. दार नऊला. बदकींनी आरडाओरडा केला, जावयानं जाळीवर चोच आपटली, पण नर्सबाई घड्याळ हातात घेऊन समोर खुर्चीवर बसून राहिल्या. “डिस्चार्ज नवाला. कागदं झाल्याबिगर कुणी हालायचं न्हाई,” असं त्यांना समजावत होत्या. भाऊ रोज नऊला कुंपणाशी येऊ लागले. आता वाघाची काळजी उरली नव्हती, तरी येत होते.

गाडीतून उतरवलेली खोकी तशीच रिकामी ओट्यावर पडून होती. नर्सबाईंनी ती आडवी केली, पेंढा भरला आणि खुराड्यात मागच्या भिंतीला लावून ठेवली. बदकींना अंधारी, आडोशाची जागा आवडते.

पाडव्याला नऊ वाजता दार उघडलं आणि मुलगी वाकून आत बघू लागली.

“काय हाय?” नर्सबाईंनी खुर्चीवरून विचारलं.

“‘भांडी’त एक,” मुलगी वाचू लागली. “‘औषधं’मध्ये काही नाही. आणि ‘साड्यां’मध्ये तीन.”

“साड्या राहू दे तशाच,” नर्सबाई म्हणाल्या. “बसंल एखादी उबवायला, तिथं हात लावू नको. आन् आदी हात धू.”